समोरचं पोतं

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्याची आहे. गुडगावातल्या एका कंपनीला माल किंवा सेवा पुरवू पाहणारे जे कोणी असतात, त्यांच्याकडे मी आधी जाऊन येते. प्रश्न विचारते, कागद तपासते, गुण देते. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ताईला जेवणाच्या ताटातही त्रुटी दिसतात. दिसतात, त्याला मी काय करू? हा खवटपणा मला बाबांकडून मिळाला.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात तपासणी अधिकारी होते. देशभरची धान्याची गोदामं तपासत फिरायचे. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, आणि दौऱ्यावरून आले की बाबा आम्हाला गोष्टी सांगायचे त्या गोदामवाल्यांच्या लबाड्यांच्या. त्यांचे काही ठरलेले नियम होते. कळवून जायचं नाही, कारण कळवून गेलं की सगळं लग्नघरासारखं सजवलेलं सापडतं. पोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, पण समोरच्या पोत्यात कधीच नाही. "समोरचं पोतं आपल्यासाठीच ठेवलेलं असतं. मागच्या थप्पीतलं, भिंतीला टेकलेलं पोतं बाहेर काढायला लावायचं." आणि शेरा लिहिताना 'समाधानकारक'च्या वर जायचं नाही. माझ्या दहावीच्या निकालावरसुद्धा ते "समाधानकारक" एवढंच म्हणाले होते. त्याचा राग मला अजून आहे.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे द्वारकेला राहायला आले. चार वर्षं बरी गेली. मग पोटाचं दुखणं निघालं, तपासण्या झाल्या, केमो झाली, आणि एका सप्टेंबरात डॉक्टरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. यापुढे औषधांचा उपयोग नाही, घरी न्या, म्हणाले. काही महिने, कदाचित त्याहून कमी. हॉस्पिसची माणसं घरी येतात, नर्स येते, गरज पडली तर डॉक्टर येतो. बरं करायला नव्हे, दुखणं आटोक्यात ठेवायला. चांगली माणसं बघून निवडा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी गाडीत बसून कॅनडात भावाला फोन केला. दोघांनी रडून घेतलं आणि ठरवलं की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. खरं म्हणजे नवीन ठरवायचं काही नव्हतंच. कॅन्सर हा शब्द आम्ही पहिल्या दिवसापासून घरात उच्चारला नव्हता. केमोच्या वॉर्डावर हातभर अक्षरांत पाटी होती, तर मी बाबांना सांगितलं होतं की पोटाचे डॉक्टरही याच मजल्यावर बसतात. त्यांनी मान डोलावली होती. चाळीस वर्षं लोकांचं खोटं पकडणाऱ्या माणसाने ही थाप पचवली, असं मी खुशाल मानून चालले होते.

भावाचं तिकीट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं होतं. मी म्हटलं, आत्ताच ये. तो म्हणाला, "ताई, मी असा मध्येच टपकलो तर बाबांना संशय येईल ना." मला ते पटलं. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा पटलं. त्या रविवारी बाबांनीच त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "घाई करू नकोस. मुलांना सुट्टी लागली की सगळे मिळून या." मी शेजारी बसून मटार सोलत होते.

मग मी माझ्या धंद्यातलं काम काढलं. हॉस्पिसवाल्यांसाठी चौदा प्रश्नांचा तक्ता केला आणि छापून घेतला. दर वेळी तीच नर्स येते का, मॉर्फीन कोणाच्या सहीने मिळतं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करतात, आधीच्या कुटुंबांशी बोलायला देतात का. पहिला प्रश्न मात्र प्रश्न नव्हता, अट होती: रुग्णाला आजाराबद्दल काहीही सांगणार नाही.

तीन नावं मिळाली होती. एक नाव मी बाबांच्याच युक्तीने उडवलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, सगळा गाव पेंगतो तेव्हा, त्यांच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन लावला. तो वाजत राहिला. उरलेल्या दोघांना घरी बोलावलं. बाबांना सांगितलं, अशक्तपणासाठी नर्सिंगवाले बघतेय. "बघ," बाबा म्हणाले.

पहिला आला तो एका झकपक कंपनीचा माणूस, कोट घालून, हातात टॅब. मी माझी अट सांगितली तर हसला. "मैम, बिल्कुल टेन्शन मत लीजिए. हमारा स्टाफ आयडी कार्ड भी उतारके आएगा. अंकल को भनक तक नहीं लगेगी." मी तिथल्या तिथे दहापैकी दहा लिहिले. जाता जाता बाबांनी त्याला एकच विचारलं, नर्स बदलली तर नवीन नर्सला आधीचं कसं कळतं? "सर, ॲप में सब रहता है." बाबा म्हणाले, "अच्छा." बाबांचं हे 'अच्छा' ऐकून पूर्वी गोदामांच्या मॅनेजरांना घाम फुटत असे. टॅबवाल्याला काही कळलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी एका ट्रस्टची नर्स आली. चाळिशी ओलांडलेली, हरियाणाची, मेट्रोने आणि पुढे ई-रिक्षाने आलेली, काखेत कापडी पिशवी. आल्या आल्या पाणी मागितलं, हात धुतले, आणि पलंगावर टेकण्याआधी बाबांना विचारलं, "बाऊजी, बैठ जाऊँ?" टाचा बघितल्या, पाठ बघितली, जीभ बघितली. मग विचारलं, पोट साफ होऊन किती दिवस झाले. बाबा म्हणाले, पाच. मी दारात उभी होते. मी रोज विचारत होते, जेवलात का, झोप लागली का, उशी नीट आहे का. हे एक विचारायचं मला सुचलं नव्हतं. दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतंच, त्याचं औषध सोबतच द्यायचं असतं, असं तिने मला सांगितलं. शांतपणे, न टोचता सांगितलं, तरी मला ते टोचलं.

स्वयंपाकघरात चहा करताना मी तिला पहिली अट सांगितली. ती म्हणाली, "दीदी, मैं अपने आप कुछ ना बताऊँ. पर बाऊजी ने पूछ लिया, तो झूठ भी ना बोलूँ."

मला राग आला. आमच्या घरातलं आम्ही बघू, तुम्ही कोण, असं मी तिला जवळजवळ याच शब्दांत सुनावलं. तिने वाद घातला नाही. चहा संपवला, कप विसळून ठेवला, बाबांना नमस्ते केलं आणि गेली. मी तिच्या रकान्यावर लाल रेघ मारली आणि लिहिलं, अट अमान्य. टॅबवाल्यांना सोमवारपासून यायला कळवून टाकलं.

शुक्रवारी ऑफिसातून आले तर बाबा खुर्चीत बसलेले, पायावर शाल, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर माझा तक्ता. मी तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रांखाली ठेवला होता. घरात छापील कागद दिसला आणि बाबांनी वाचला नाही असं कधी झालेलं नाही. औषधाच्या डबीतली चिठ्ठीही ते शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत होतं. तरी तिथेच ठेवला, याला काय म्हणावं? हातात त्यांचं हिरव्या शाईचं पेन होतं. सरकारात ती शाई वरिष्ठांची. निवृत्तीनंतर ते पेन वर्तमानपत्रातल्या चुका सुधारायच्या कामी यायचं.

"तुझा तक्ता बघितला," ते म्हणाले. "त्रुटी आहेत."

मी कागद हातात घेतला. रविवारच्या फोनपुढे हिरव्या अक्षरांत 'योग्य' लिहिलं होतं. माझ्या चौदा प्रश्नांखाली त्यांनी तीन वाढवले होते. पंधरा: शौचाचा त्रास झाल्यास कोण बघणार? सोळा: बदली नर्स आधीच्या नोंदी वाचून येते का? नुसतं सांगू नये, वही दाखवावी. सतरा: घरी मृत्यू झाल्यास दाखला कोणता डॉक्टर देणार व किती वेळात?

सतरावा मी दोनदा वाचला.

आणि पहिल्या अटीच्या समासात त्यांनी हिंदीत लिहिलं होतं, 'कृपया चर्चा करें'. सरकारी फायलीवर साहेब हे लिहितो तेव्हा त्याचा अर्थ असा असतो की आता कागदावर काही लिहू नका, माझ्यासमोर येऊन बसा आणि बोला. खाली त्यांची छोटी सही होती.

"बाबा, तुम्हाला कधीपासून…"

"बस आधी. केवढा मोठा बोर्ड होता तिथे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, विसरलीस?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं इतक्या मनापासून लपवत होतात. म्हटलं, चालू दे." मग म्हणाले, "पण खरं सांगू? गोदामवाले तुमच्यापेक्षा बरं लपवायचे."

मला आधी हसू आलं आणि मग रडू कोसळलं. बाबांनी रडू दिलं. ते संपेपर्यंत त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मी विचारलं, सगळं माहीत होतं तर भावाला घाई करू नकोस असं का सांगितलंत?

"आजार कळला होता, पण मुदत कोणी सांगेना. डॉक्टर तुझ्याकडे बघतो, तू भिंतीकडे बघतेस. मुदत माहीत नसताना त्याला नोकरी, मुलं सोडून ये असं कसं सांगू?" मग तक्त्यावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "हिला का काढलंस?"

"ती म्हणाली, तुम्ही विचारलंत तर खोटं बोलणार नाही."

"मग हीच पाहिजे. बोलाव तिला."

मला लाज वाटत होती. ज्यांच्या तपासणीच्या गोष्टी ऐकत मी वाढले, त्यांच्याचपुढे मी इतके महिने समोरचं पोतं धरत होते. टॅबवाल्यांना नको म्हणून कळवलं. नर्सला फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "कोई ना दीदी, सब घरों में ऐसा ही होवे है."

ती सोमवारी आली ती मी पाठवलेले रिपोर्ट ट्रस्टच्या डॉक्टरांना दाखवूनच. बाबांनी आधी वही मागितली. तिने पिशवीतून काढून दिली. एका पेशंटचं पान, नाव हाताने झाकून, दाखवलं. तीन वेगवेगळ्या अक्षरांतल्या नोंदी होत्या आणि प्रत्येकीखाली आधीची नोंद वाचल्याची सही. बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कितना समय है?"

ती पलंगाच्या कडेला बसली. "बाऊजी, पक्की तारीख तो कोई ना बता सके. पर डॉक्टर साहब से बात करके आई हूँ. महीनों की बात ना है, हफ़्तों की है. बेटे को बुलाना हो तो अभी बुला लो."

"अच्छा," बाबा म्हणाले. हे 'अच्छा' मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यात कसलीही शंका नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे फोन मागितला.

कॅनडात तेव्हा पहाट होती. बाबा म्हणाले, "डिसेंबरचं तिकीट बदल. आता ये. मला सगळं ठाऊक आहे. ताईने सांगितलेलं नाही, तिच्यावर ओरडू नकोस." भावाने विचारलं, "परतीचं कधीचं काढू?"

"ते नंतर बघ," बाबा म्हणाले.

तो सहाव्या दिवशी पोचला. त्यांना एकोणीस दिवस मिळाले. भाऊ रोज सकाळी त्यांची दाढी करायचा आणि रोज बोलणी खायचा, कारण बाबांच्या मते डावा कल्ला नेहमी वर जायचा. नर्सने त्याला ओल्या कापसाने ओठ कसे पुसायचे ते शिकवलं. दुखणं वाढलं तसं औषध वाढलं. बाबा कण्हले नाहीत असं नाही, पण फोन केला आणि कोणी आलं नाही, असं एकदाही झालं नाही. नोव्हेंबरातल्या एका दुपारी ते गेले. आम्ही दोघंही खोलीत होतो. ट्रस्टचा डॉक्टर दीड तासात आला आणि दाखला देऊन गेला. सतराव्या प्रश्नाचं उत्तर मी तक्त्यात लिहिलं नाही.

महिन्याभराने ट्रस्टमधून फोन आला, आमच्या कामाबद्दल चार ओळी लिहून द्याल का. हे तर माझं रोजचं काम. दोन दिवस बसले, एक ओळ सुचली नाही. मग काहीतरी आधार म्हणून तो तक्ता शोधून काढला. शेवटच्या पानावर मी 'शेरा' असा रकाना ठेवला होता आणि तो कोराच आहे अशी माझी समजूत होती.

नर्सच्या नावापुढे हिरव्या शाईत लिहिलं होतं, समाधानकारक. त्याखाली बाबांनी हाताने रेघा ओढून आणखी एक ओळ वाढवली होती. नावाच्या जागी होतं, 'घरची मंडळी'. अक्षर थरथरलेलं होतं, तरी वाचता येत होतं: 'सुरुवातीस माहिती दडवली. नंतर पूर्ण सहकार्य मिळाले. समाधानकारक.'

खाली सही होती आणि शिरस्त्याप्रमाणे तारीख. भाऊ घरी पोचला त्या दिवसाची.