तळातून कापलेला परिच्छेद

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. रत्नागिरीच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि रविवारचं आरोग्याचं पान लावत असे. एकदा वृत्तसंस्थेच्या लेखाचा अनुवाद केला. उपाशी पेशी स्वतःमधलेच निकामी भाग मोडून खाते आणि त्यावर जगते; त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाला सुरुवातीला आळा बसत असावा, असं त्यात होतं. शेवटच्या परिच्छेदात उलट बाजू होती. गाठ एकदा झाली की तिच्या पेशीही हेच करून औषधाच्या माऱ्यात टिकू शकतात.

संध्याकाळी आंबा कॅनिंगची जाहिरात आली आणि पानावरची जागा कमी पडली. मजकूर तळातून कापायचा, ही आमची रीत. मी शेवटचा परिच्छेद काढला.

माझ्या वहिनीवर तेव्हा याच आजाराचे उपचार चालू होते. किमोच्या सहा डोसांपैकी दोन झाले होते. भाऊ मुंबईत नोकरीला. डोसपुरती ती त्याच्याकडे जाई, एरवी आमच्यात असे. सोमवार आणि संकष्टी ती पूर्वीपासून करायची. त्या रविवारनंतर गुरुवार आणि शनिवार वाढले, तेही नुसत्या पाण्यावर. आईने साबुदाण्याची खिचडी पुढे केली तेव्हा म्हणाली, खिचडीच खायची तर उपास कशाला, मासेच करा की. आम्ही हसलो. उपास का वाढले, हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या डोसाला मी सोबत होतो. वजन फार उतरलं होतं, पांढऱ्या पेशी कमी होत्या. डोस पुढे ढकलला. डॉक्टरांनी खाण्याविषयी विचारलं तेव्हा वहिनीने पर्समधून माझ्या पानाचं कात्रण काढलं. ते वाचून डॉक्टर म्हणाले, उपाशी तुम्ही राहताय. गाठ उपाशी राहते की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

वहिनी माझ्याकडे वळली. "भावोजी, एवढंच होतं ना?"

"आणखी एक परिच्छेद होता. जागा नव्हती."

तिने कात्रण घडी करून परत ठेवलं.

ती पुन्हा नीट जेवू लागली. डोस उशिराने पुरे झाले. वर्षभरात आजार यकृतात उलटला. उपासांशी त्याचा संबंध जोडता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. संबंध नव्हता, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

वहिनी शेवटपर्यंत माझं पान वाचत होती. दर रविवारी ते हातात घेतलं की आधी विचारायची, "आज काय कापलंत?"

मी सांगत असे.