माधवनगरचा समुद्र

कापडगिरणीच्या आमच्या माधवनगरात समुद्र आणणं परमेश्वराला जमलं नाही, ते माझ्या आत्तेसासूबाईंनी केलं. साठ सालानंतरची गोष्ट. महाबळेश्वरला कुण्या साहेबाच्या बंगल्याचा लिलाव झाला, तिथून त्यांनी पियानो आणला. त्याच्याबरोबर छापील सुरावटींचा एक गठ्ठा आला. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर समुद्र: कुठे गलबत, कुठे दीपस्तंभ, कुठे बुडणारा खलाशी. आत्याबाई तेवढ्याच वाजवत. दुसरं काही वाजवा म्हटलं तर म्हणत, "भजनाला पेटी आहे की! हे वाद्य पाण्याचं." स्वतः त्यांनी कृष्णेपलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं.

दर रविवारी चहानंतर साऱ्या घराला सक्तीनं बसवलं जाई. सुरावटीत वादळ आलं की त्या पट्ट्या अशा बडवत की दूध घालायला आलेली तानूबाई दारातून विचारी, "आवं आत्याबाई, आज लय खवळलाय व्हय?" त्या न थांबता सांगत, "गलबत फुटतंय. बस खाली!" एका सुरावटीचं मधलं पान वाळवीनं खाल्लं होतं. तिथं आल्या की "ओहोटी" असं जाहीर करून, ते पान संपेल इतका वेळ हात मांडीवर ठेवून बसत. ओहोटीत कुणी खोकलेलं चालत नसे.

पानं उलटायचं काम नव्या सुनेचं, म्हणजे माझं. कारण मी कोकणातली, आणि घाटावरच्या माणसांना वाटतं, कोकणातल्या मुलीच्या परसातच समुद्र असतो. माझं माहेर चिपळूणच्या वर, डोंगरात. समुद्र मी कॅलेंडरवर पाहिलेला. पण सासरी आयता मिळालेला मोठेपणा सोडण्याइतकी मी खुळी नव्हते. त्याहून मोठी खुळी होते. वाजवून झालं की त्या वळून विचारत, "काय गं कोकणीण, अस्साच असतो ना?" मी जाणकारासारखी मान डोलवी. त्या डोलावण्यावर त्यांचा पुढचा रविवार चाले.

एकदा सांगलीच्या चार शिकलेल्या बायका ऐकायला आल्या. त्यांनी मला हुशार समजावं, असं मला फार वाटत होतं. आत्याबाईंनी वळून नेहमीचा प्रश्न केला. मी म्हटलं, "छे हो आत्याबाई! समुद्र कुठे असा वाजतो? हे तर आपल्या गिरणीचे माग!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. आत्याबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "असेल बाई. रोज कानावर तेच पडतं, तेच बोटांत उतरलं असेल." झाकण लावलं आणि पोहे आणायला आत गेल्या. ते झाकण त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

दोन रविवार कोरडे गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, थट्टा केली हो मी."

"थट्टा कशाची? तू पाहिलायस."

तेव्हा तरी खरं सांगायचं. मी नेहमीसारखी मान डोलवली.

पुढे कुणी पियानोची चौकशी केली की त्या कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवत. "मला कुठलं कळतंय! समुद्र कसा असतो ते आमच्या सुनेला विचारा." लोक विचारत. आणि मी सांगत असे: लाटा, गाज, भरती, सगळं रंगवून. आत्याबाई निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून ऐकत.