फ्लॉपीला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला आमच्याकडे नांगराचा फाळ, विळे, कोयता, मोटारीचे पाने आणि माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, फौजेतला चाकू, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. त्या वर्षी आई सहज म्हणाली, "आन् तुजं हत्यार कुठाय गं?"

मी हरखूनच गेले. वर्षभर मी लोणंदला कॉम्प्युटर क्लासला जात होते, पण ते काम आहे असं घरात कुणी म्हटलं नव्हतं. मी ऐटीत पिशवीतून फ्लॉपी काढली, आईच्या हातात दिली आणि झेंडू तोडायला परड्यात पळाले.

माझी अख्खी परीक्षा त्या काळ्या, चौकोनी फ्लॉपीत होती. एका कारखान्याची महिन्याची हजेरी मी तयार केली होती. कामगारांच्या पाळ्या, रजा, ओव्हरटाइम, सगळं. क्लासच्या मशीनमध्ये जागा कमी, म्हणून ज्याचं काम त्याच्या फ्लॉपीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून परीक्षक येणार होते. प्रॅक्टिकल पास झाले तर शिरवळच्या एका कंपनीच्या ऑफिसात सोमवारपासून जागा होती. आबांनी मात्र बजावून ठेवलं होतं, "पास झालीस तर मला इचारायचं, मग बघू. फेल झालीस तर क्लास बंद. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी पाट हलवल्यावरच मी फ्लॉपी उचलली. तिची पत्र्याची पट्टी सरकेना. नख घालून सरकवली, तर आतल्या चकतीवर ओलं हळदकुंकू लिंपलेलं, वर एक अक्षत चिकटलेली.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"आगं, पट्टी सरकवली तर आत पातं दिसलं. म्यानाला कुणी कुंकू लावतं व्हय?"

चाकूच्याही पात्यालाच तिनं कुंकू लावलं होतं. तिचं काही चुकलेलं नव्हतं, आणि माझं वर्ष तर पाण्यात गेलं होतं. मला इतका राग आला की मी रडले, जेवले नाही आणि आईशी बोललेही नाही.

सकाळी पाहते तर आई चांगलं लुगडं नेसून दारात उभी. "चल. मी सांगते सरास्नी."

क्लासच्या सरांनी फ्लॉपी बघितली आणि हात जोडले. "ही आत घातली तर मशीनही जाईल. पुढच्या परीक्षेला बस आता." पुढच्या परीक्षेपर्यंत शिरवळची जागा कोण ठेवणार होतं? आई चपला काढून थेट परीक्षकांसमोर गेली. "सायब, चूक माजी हाय. पोरीची न्हाई."

त्यांना हसावं की रागवावं ते कळेना. मी पुढं झाले. "सर, मला सगळं येतं. तुमच्यासमोर पहिल्यापासून करून दाखवते."

"कोपऱ्यातलं मशीन घ्या," ते म्हणाले. "बाकीच्यांचं संपलं की मी निघणार. थांबणार नाही."

सरांनी कोरी फ्लॉपी दिली आणि मी बसले. रागच होता, पण आता तो बोटांत उतरला होता. प्रत्येक ओळ झाली की फ्लॉपीत साठवत होते. मध्येच लाइट गेली. सगळे हळहळले, परीक्षक घड्याळ बघू लागले. मी खुर्चीवरून हलले नाही. लाइट आली तेव्हा शेवटची ओळ तेवढी गेली होती, ती पुन्हा भरली. आई सगळा वेळ दाराशी उभी होती. सरांनी स्टूल दिलं तरी ती बसली नाही.

परीक्षक पिशवी आवरत होते तेव्हा मी हाक मारली. ते आले, वाकून बघितलं आणि एका कामगाराची रजा वाढवली. खालची बेरीज आपोआप बदलली.

"आत्ता गं बया!" दारातून आई केवढ्यानं तरी ओरडली.

परीक्षक हसले. "पास," म्हणाले आणि सही करून निघाले.

घरी पोचलो तर आबा ओट्यावर बसलेले. "काय झालं गं?" त्यांनी मला विचारलं. मी वाक्य जुळवत होते, कारण आता परवानगी मागायची होती. तेवढ्यात आईच बोलली.

"पास झाली. सोमवारपासनं शिरवळला जाणार हाय ती."

आई आबांशी असं कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. आबांनाही आठवत नसावं. त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं.

"इचारतीयास का सांगतीयास?"

"सांगतीया," आई म्हणाली. "म्या बघितलंय तिचं काम."