गेरूच्या टिकल्यांचे मंत्र

पहिल्याच रविवारी माझा जादूगार पुराच्या नदीत बुडून मेला. त्यात माझी चूक नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. पण खेळाचं पुस्तक माझ्या बाजूनं नव्हतं.

हा खेळ माझ्या नातीनं घरी आणला. ती गोंदियाला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर आहे. तिथंच खोली करून राहते. रविवारी दुपारी खोलीवर तिची दोस्त मंडळी जमायची. हसणं, ओरडणं, फासे आपटणं. घरमालकिणीनं दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा मंडळी आली तर सरळ बाहेरचं दार बंद करून घेतलं. मग नात म्हणाली, गावाकडच्या आपल्या सपरीत आपल्याला कोण बोलणार आहे? आमचं गाव नागऱ्याच्या पलीकडे, मोटरसायकलनं अर्ध्या तासाचं. सपरी म्हणजे घरापुढची उघडी पडवी. धानाची पोती आत गेली की ती रिकामीच असते. तिथं चटई टाकून मंडळी बसू लागली. पुढं त्यातला एक नागपूरला नोकरीवर गेला आणि खेळाला माणूस कमी पडला.

"आबाजी, बसता का?" नातीनं मला विचारलं.

"कायले? पोरखेळ आहे तो."

"जादूगार व्हाचं आहे. बसून फक्त बोलाचं."

आतून माझी बुढी ओरडली, "बसा न बापा! तसंही दिवसभर लोकायच्या चुका काढून राहता. तिथं बसून काढा."

बसलो.

खेळ असा. नात गोष्ट सांगते. तुम्ही जंगलातून चालले, पुढं नदी आली, मागून दरोडेखोर आले. आता काय करता? मग ज्यानं त्यानं आपल्या सोंगाचं सांगायचं आणि वीस तोंडांचा फासा टाकायचा. जमलं की नाही ते फासा सांगतो. नातीच्या दवाखान्यातली एक नर्स आहे, सालेकशाकडची, जंगलात वाढलेली, बोलायला खमकी. ती खेळात तलवारवाली. तिसरा बिरसीच्या विमानतळावर विमान शिकणारा, दूरच्या मुलखातला, हिंदी बोलणारा. तो खेळात चोर, पण नियमाच्या बाबतीत त्याच्याएवढा साव मी पाहिला नाही. विमान उडवायच्या आधी यादी वाचून एकेक बटण तपासायची त्याला सवय. खेळाचं जाड इंग्रजी पुस्तक त्याच्याच मांडीवर असायचं.

मला नातीनं मंत्रांची कार्डं लिहून दिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी चौथीपर्यंत शिकलो. मोठं अक्षर मला दिसतं आणि कळतं, बारीक अक्षर लिहिणाऱ्यानं स्वतः येऊन वाचून दाखवावं.

तर त्या रविवारी मी उडायचा मंत्र म्हटला आणि नदीवर गेलो. मधोमध पोचलो तर मागच्या काठावर दरोडेखोरांनी तलवारवालीला घेरलं. मी वरूनच त्यांच्यावर जाळ्याचा मंत्र टाकला. जाळं असं पडलं की चारही दरोडेखोर मासळीसारखे अडकले. मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात विमानवाला म्हणाला, "आबाजी, आप गिर गये."

"कहाँ गिरा?"

"नदी में."

"काऊन?"

तर पुस्तकात असं लिहिलं होतं, की काही मंत्र एकदा म्हटले की झाले, पण काही मंत्र मनात धरून ठेवावे लागतात. आणि धरून ठेवायचा मंत्र एका वेळी एकच. दुसरा धरला की पहिला आपोआप सुटतो. उडणं धरायचं, जाळंही धरायचं. मी जाळं धरलं, उडणं सुटलं.

मला हे पटलं नाही. का पटलं नाही तेही सांगतो. मी पंचवीस वर्षं आमच्या गावतलावाचा पाणकर होतो. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणारा माणूस. कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या मागून, किती वेळ, हे तो ठरवतो. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. एक बांधी भरली की तिचं तोंड चिखलानं बुजवायचं आणि पाट दुसऱ्या बांधीकडे वळवायचा. पाट वळवला म्हणून पहिल्या बांधीतलं पाणी काही गायब होत नाही. तिथं ते उभंच राहतं.

"तसंच उडणं," मी म्हटलं. "एकदा म्हटला मंत्र, भरला अंगात. आता मी जाळं टाकीन नाही तर नाच करीन."

"किताब में साफ लिखा है, आबाजी."

"किताबवाल्यानं कधी पाणी वळवलं आहे का, ते विचार त्याले."

अर्धा तास भांडलो. शेवटी नातीनं डोळे मिटून फासा टाकला, आणि मी बुडालो.

दुसऱ्या रविवारी मी त्याच जादूगाराचा धाकटा भाऊ होऊन आलो. त्या दिवशी शत्रूनं आमच्याभोवती मुकेपणाचं रिंगण घातलं. रिंगणात आवाज होत नाही, आणि आवाज नाही तर मंत्र चालत नाही, असं पुस्तक म्हणालं. मी म्हटलं, आमच्या गावचा पुजारी ओठ न हलवता मनातल्या मनात मंत्र म्हणते, त्याचं काम अडत नाही. नर्स माझ्या बाजूनं झाली. "आमच्याकडचा बी तसाच म्हन्ते," ती म्हणाली. विमानवाल्यानं डोकं धरलं. तो वाद एक तास चालला. बुढीनं केलेला भात, वांग्याची भाजी, सगळं गार झालं.

तिसऱ्या रविवारी मंडळी यायच्या आधी नात मला विहिरीपाशी घेऊन गेली.

"आबाजी, आता आणखी एकदा खेळ अडवला न, तर तुमी बाजूले बसून नुसतं पाहाचं. त्या पोराले आठवड्यात एकच सुट्टी भेटते. भांडायले येत नाही मी, म्हणे तो."

"मले माह्याच सपरीतून उठवतेस?"

"सपरी तुमची. खेळ माहा."

हे असं बोलणं ती कोणाकडून शिकली ते मला ठाऊक होतं, म्हणून धड रागही येईना. त्या दिवशी मी फक्त आगीचे गोळे फेकले, ते फेकले की झाले, त्यात धरायचं काही नव्हतं. एक शब्द जास्तीचा बोललो नाही.

कारण सांगतो. शेत आता मुलगा पाहतो. तलावाला लोखंडी दार बसलं, पाळ्या मोबाइलवर ठरतात. मला घरात विचारतात ते इतकंच, जेवले का, गोळी घेतली का. आणि रविवारी दुपारी तीन शिकलेली माणसं माझ्याकडे तोंड करून विचारायची, "आबाजी, आता तुमचा जादूगार काय करते?" मी बोलेपर्यंत थांबायची. पाणकर होतो तेव्हा बांधावर लोक असेच थांबायचे. ते विचारणं मी सोडणार नव्हतो. नियम पाठ करावे लागले तरी करीन, पण बाजूला बसून पाहणार नाही.

तो आठवडाभर मी कार्डं घेऊन बसलो. रोज संध्याकाळी नातीला फोन लावायचा आणि एकेका मंत्राचं विचारायचं, "हा धराचा का नुसता म्हनाचा?" भिंतीच्या पट्ट्यांसाठी आणलेला गेरू घरात पडला होता. तो कालवला, आणि धरायचा मंत्र निघाला की त्या कार्डावर बोटानं लाल टिकली लावली.

बुढीनं पाहिलं. "टिकल्या कायले लावून राहिले? लगन आहे का त्यायचं?"

"तुले नाही समजाचं."

"तुमाले समजलं तरी पुष्कळ झालं."

आणि टिकल्या लावता लावताच मला समजलं. एक मंत्र होता चिलखताचा. एकदा अंगावर घातला की दिवसभर राहतो, धरावा लागत नाही, वर दुसरे मंत्र खुशाल म्हणा. ही माझी भरलेली बांधी. पण उडणं तसं नाही. पावसाळ्यात बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा काठ, मधेच फुटतो. फावडं घेऊन कोणी येईपर्यंत माणसाला त्या भगदाडाला पाठ लावून चिखलात बसावं लागतं. मी कितीदा बसलो आहे. तेव्हा समोरचा धुरा फुटला तर बसल्या जागेवरून नुसतं ओरडायचं. उठून तिकडे गेलं की इकडचं पाणी गेलं. पाठ एकच. लाल टिकलीचे सगळे मंत्र म्हणजे फुटके धुरे.

समजलं, पण मी कोणाला बोललो नाही. विमानवाल्याला तर मुळीच नाही.

चौथा रविवार आला. नातीनं गोष्ट रंगवली होती. गुहेत एक चेटकीण. तिनं आगीची भिंत उभी केली. भिंतीच्या अलीकडे मी आणि चोर, पलीकडे एकटी तलवारवाली. नातीनं हात असे फिरवले की मला खरंच झळ लागल्यासारखी वाटली. मग चेटकिणीनं दुसरा मंत्र म्हटला, जखडायचा. तलवारवालीचे हातपाय जागीच गोठले. भिंत तशीच पेटलेली, ती तशीच गोठलेली, आणि चेटकीण सुरी घेऊन पुढं निघाली.

नर्स चटईवर पुढं सरकली. ही तलवारवाली तिनं वर्षभर सांभाळली होती, वहीत तिचं चित्रही काढलं होतं. "गेली वाटते आज माही," ती म्हणाली. ती हसत होती, पण तिनं वही पोटाशी धरली होती.

विमानवाल्यानं भिंत विझवायची खटपट केली, फासा पडला तीनचा, नाही जमलं. मी माझ्या कार्डांकडे पाहिलं. आगीची भिंत माझ्याकडेही होती. लाल टिकली. जखडणं, लाल टिकली.

दोन धुरे आणि चेटकिणीला पाठ एकच! चूक नातीकडून झाली होती, गोष्ट रंगवण्याच्या भरात.

जिभेवर शब्द आला. बोललो तर खेळ अडवला म्हणून गणला जाणार, आणि पुढचे सगळे रविवार मी खांबाला टेकून पाहत बसणार. नाही बोललो तर तलवारवाली मरणार. नातीनं चेटकिणीच्या सुरीसाठी फासा उचलला. मी दात घट्ट मिटले, दोन्ही कार्डं काढली आणि तिच्या हाताखाली चटईवर शेजारी शेजारी ठेवली. टिकल्या वर.

"आबाजी, आता काय झालं?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

विमानवाला वाकला. "ये लाल क्या है?"

नर्सनं कार्डं उचलून वाचली. एकदा हे, एकदा ते. "अवो, हे तं धरून ठेवाचे मंत्र हायेत. दोन्ही बी!"

विमानवाल्यानं पुस्तक उघडलं. एक पान पाहिलं, बोट तिथंच ठेवून दुसरं पाहिलं, परत पहिलं पाहिलं. मी वर कौलांकडे पाहत होतो.

"दीवार तो उसी वक्त गिर गयी थी," तो म्हणाला. "आबाजी सही हैं."

नातीनं जीभ चावली. "अगाई! पडली. भिंत पडली."

नर्स अशी ओरडली की कोठ्यातली गाय उभी राहिली. बुढी झारा घेऊन दारात आली. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं आणि नातीला विचारलं, "मंग यायनं आज खेळ अडवला का नाही अडवला?"

नात माझ्याकडे पाहून हसली. "तोंडानं नाही अडवला."

विमानवाल्यानं जाड पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "आबाजी, इसमें भी ये टीका लगा दीजिए. मुझसे भी छूट गया था." एवढ्या महागाच्या पुस्तकावर गेरू! पण मागणारा तो होता. लावीन म्हटलं, आणि लगेच मला वाटलं, लोखंड गरम आहे तोवर तेवढं एक काम उरकून घ्यावं.

"मंग पहिल्या रविवारचं माहं नदीतलं—"

"आबाजी!" तिघंही एकदम ओरडली.

"राहू द्या. पण पूर कोणं आणला होता, ते लक्षात ठेवा."

मग नातीनं फासा बाजूला ठेवला आणि नीट मांडी घालून बसली. भिंत पडली होती, वाट मोकळी होती, चेटकीण सुरी घेऊन तलवारवालीपासून चार पावलांवर.

"आबाजी," ती म्हणाली, "आता तुमचा जादूगार काय करते?"

खरं सांगतो, मी काहीच ठरवलं नव्हतं. मी कमरेचा अडकित्ता काढला आणि सावकाश सुपारी कातरायला बसलो. तिघं माझ्या तोंडाकडे पाहत होती. बुढी दारातून हलली नव्हती.

"सांगा न आता," ती म्हणाली. "भात गार होऊन राहिला."

"थांब," मी म्हटलं. "विचार करू दे."

थांबली सगळी.