डाव्या स्टिअरिंगची सिंधू

सिंधूला हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा सोसायटीच्या गेटात पाच मिलिटरी गाड्या उभ्या होत्या. डोंबिवलीत, भर दुपारी, केळीवाल्याच्या हातगाडीला खेटून. वॉचमन स्टूल सोडून उभा राहिलेला, त्याला वाटलं कुणाच्या तरी घरी धाड पडली. गाड्यांतून उतरले कोण, तर एक दातांचा डॉक्टर, एक टाइल्सच्या दुकानाचा मालक, एक रिटायर बँकवाला आणि असेच आणखी काही. सगळ्यांच्या अंगात हिरवे शर्ट, पोटावर बटणं ताणलेली, डोक्यावर तिरप्या टोप्या. ह्यातल्या एकानेही सैन्याची नोकरी लांबूनसुद्धा बघितलेली नाही. ह्यांनी माझ्या बायकोसमोर रांग धरली आणि सलाम ठोकला. कुणाचा पंजा कपाळाला, कुणाचा कानाला. मी म्हणालो, "झालं असेल तर खांदा द्या. सलामाने ती उचलली जाणार नाही." दिला खांदा. तेवढं मात्र खरं, दिला.

मग दहाव्याच्या आसपास त्या दातांच्या डॉक्टरने, करंदीकर त्याचं नाव, तिच्यावर कुठेसं लिहून छापून आणलं. त्यात सिंधूला 'रणरागिणी' म्हटलेलं. गावाकडून फोन यायला लागले, काकू लढाईत होत्या का म्हणून! अरे, कसली लढाई? तिची लढाई माझ्याशी आणि पाण्याच्या टँकरवाल्याशी. म्हणून मी लिहायला बसलोय. माझं शिक्षण सातवी, नोकरी वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशिनवर. मला फुलं लावून लिहिता येत नाही. पण जी बाई मी जवळून बघितली ती तरी नीट सांगेन.

सिंधू खडवलीची. तिच्या वडिलांनी सैन्याची एक जुनी जीप लिलावात घेतलेली. मोठ्या लढाईच्या वेळची, परदेशी बनावटीची, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. सासरे तिच्यातून भाजी आणि गवताचे भारे कल्याणला न्यायचे. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, दोन्ही मुलगे आळशी, म्हणून गाडी पोरीच्या हातात दिली. ती डावीकडे बसून चालवायची आणि सासरे उजवीकडे बसायचे. मी तिला बघायला गेलो तेव्हा ती समोरून तशी आलेली. मला वाटलं, म्हातारा काय बेफिकीर आहे, स्टिअरिंग सोडून हातावर तंबाखू मळतोय. स्टिअरिंग पलीकडे पोरीकडे आहे हे मला गाडी थांबल्यावर कळलं. सासरे गेल्यावर भावांनी जमीन घेतली आणि हिने जीप मागून घेतली. मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, आजही बोलतो... भावांना जमीन मिळाली, माझ्या बायकोला भंगार मिळालं. ती म्हणाली, "जमीन तुमच्या दारात येऊन उभी राहणार होती का?"

आता डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्या रस्त्यावर चालवायची म्हणजे काय, ते सांगतो. ड्रायव्हर बसतो फुटपाथच्या बाजूला. पुढे ट्रक असला, तर त्याच्या पलीकडून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. उजवीकडे बसणाऱ्याला दिसतं. त्याने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं. सासऱ्यांनंतर ती नोकरी मला लागली. 'थांब', 'आली', 'जा', एवढे तीन शब्द. वर्षानुवर्षं मी रविवारी तिच्या शेजारी बसून हे तीन शब्द बोललो. घरात माझं कुणी ऐकत नव्हतं, पण गाडीत मी 'जा' म्हटलं की ती बघायचीसुद्धा नाही, सरळ घालायची. एकदा शीळ रोडला मी म्हणालो, "बहुतेक जा." तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळली. "बहुतेक म्हणजे काय हो? भाजीत मीठ आहे का विचारलंय मी? जा की थांब?" मागे टेम्पोवाले भोंगे वाजवतायत, आणि हिला उत्तर पाहिजे.

लोकांना ड्रायव्हर मीच वाटायचो. ठाण्यात तीन हात नाक्याला एकदा ट्रॅफिक पोलीस माझ्या अंगावर आला.

"काका, लायसन."

"नाहीये माझ्याकडे."

"नाही? आणि खुशाल गाडी चालवता?"

"मी कुठे चालवतोय? वाकून बघा."

त्याने वाकून बघितलं तर पलीकडे सिंधू, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकावर. तिने पर्समधून लायसन काढून माझ्या नाकापुढून त्याच्या हातात दिलं. "ह्यांच्याकडे काय मागता? ह्यांना सायकलपण धड येत नाही." पोलीस हसला. मी नाही हसलो.

ह्या सलामवाल्यांनी तिला शोधून काढलं ते वागळे इस्टेटमध्येच, एका ओळखीच्या वर्कशॉपबाहेर. आम्ही सायलेन्सरला वेल्डिंग मारून घेत होतो. करंदीकर रस्ता ओलांडून धावत आला आणि जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, जसं काही हरवलेलं पोर सापडलं. मग खाली झोपला. चांगल्या पँटीत, ऑइलच्या डबक्यात, खालून गाडी बघायला. सिंधू मला म्हणाली, "अहो, ह्याला फिट आली का बघा." तेव्हापासून आम्ही त्यांच्या जुन्या मिलिटरी गाड्यांच्या ग्रुपात. म्हणजे ती ग्रुपात, मी उजव्या सीटवर.

काय ती माणसं! महिन्यातून एका रविवारी ठाण्यात एका मैदानावर जमायचं. कुणाची जीप, कुणाचा सैन्याचा ट्रक, कुणाची नुसती मोटारसायकल, बाजूला सैनिक बसायची टोपली असलेली. स्वतःच्या आईच्या औषधाची वेळ ह्यांना आठवत नाही, पण कुठला बोल्ट कुठल्या साली कुठल्या कारखान्यात बनला ते झोपेत सांगतील. हिरव्या रंगावरून एकदा असं भांडण पेटलं की ग्रुपचे दोन तुकडे झाले, एक गडद हिरवा आणि एक फिका हिरवा, आणि महिनाभर एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत. दाढी पिकलेली माणसं! सिंधूच्या जीपला खिडकीच्या ग्रिलचा उरलेला हिरवा रंग मारलेला. ते कळल्यावर करंदीकरच्या चेहऱ्यावर असं दुःख आलं, जसं कुणाची तरी अक्कलदाढ त्याने चुकून दुसऱ्याच्या तोंडातून काढली. "काकू, हा ओरिजिनल नाही." सिंधू म्हणाली, "डॉक्टर, लढाई संपली. आता ग्रिलचाच रंग." पुढे बंदूक बसवायचा लोखंडी खांब होता, त्याला ती बाजाराची पिशवी अडकवायची. ग्रुपातल्या कुणाची हिंमत झाली नाही तिला काही बोलायची.

एक रीत मात्र त्यांची मी इतक्या वर्षांत मोडलेली बघितली नाही. निघताना सगळ्यांत जुनी गाडी आधी चालू करायची. ती चालू होईपर्यंत दुसऱ्या कुणी किल्ली फिरवायची नाही. सगळ्यांत जुनी सिंधूची. हिवाळ्यात जीप लवकर उठायची नाही, मग ही सगळी मोठी मोठी माणसं आपापल्या गाड्या गप्प ठेवून उभी. कुणी ढकलतोय, कुणी हँडल मारतोय, आणि सिंधू पायाने स्टार्टर दाबत बसलेली, तोंडाने "उठ गं बाई, लोकं खोळंबलीत." मी म्हणायचो, कसले हे पोरखेळ. ती म्हणायची, "मग येता कशाला?"

ताप आला, छातीत उतरला आणि आठवड्यात ती गेली. तेराव्यानंतर प्रश्न आला जीपचा. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला चालवता येत नाही. ठेवून काय करणार? सोसायटीवाले पार्किंगवरून रोज बोलतायत." खोटं काय आहे त्यात? खडवलीच्या बाजूला नाईक म्हणून एकाचं रिसॉर्ट आहे, तोही ग्रुपातलाच. तो घरी आला, सोफ्यावर पाय पसरून बसला. म्हणाला, "काका, काकूंच्या माहेरच्या मातीत गाडी नेतो. गेटवर चौथरा बांधतो, वर गाडी, खाली काकूंचं नाव." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हो म्हणून बसलो. करंदीकर तिथेच होता. तो एवढंच म्हणाला, "काका, चौथऱ्यावर गेलेली गाडी परत खाली येत नाही हो." मी त्याला म्हणालो, तू रणरागिणी लिही जा. चिडला नाही. टोपी हातात घेऊन गेला.

मग आला त्यांचा रविवार. तिथेच नाईकला गाडी द्यायची असं ठरलेलं. जीप टोचन लावून मैदानात नेलेली. सिंधू गेल्यापासून कुणी चालूच केलेली नव्हती. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेला सिंधूचा फोटो. फोटोत ती रागावलेली दिसते, कारण तो मी काढलेला. नाईकने भाषण केलं. काकू वीरांगना, काकू वारसा, काकू अमुक, काकू तमुक. मग टाळ्या, आणि फोटो काढायला तो जीपमध्ये चढला... उजवीकडून. माझ्या सीटवर. बसून त्याने झोकात दोन्ही हात पुढे केले आणि हात रिकामेच राहिले. स्टिअरिंग नव्हतंच तिथे. वर्षानुवर्षं हा माणूस आमच्या मागून गाडी हाकत आला आणि सिंधू कुठल्या बाजूला बसायची हेही त्याने कधी बघितलेलं नाही! त्याने ते हसण्यावारी नेलं, हात छातीवर बांधले आणि फोटो काढून घेतला.

मी जवळ जाऊन विचारलं, "नाईक, ही तुमच्याकडे चालेल ना अधूनमधून?"

"चालवायची कशाला काका? टायर सिमेंटात बसवणार. चोरीची भीती नाही. हिला आता आराम."

आराम! सिंधू आजारपणात कॉटवर आडवी पडली तरी एक पाय खाली सोडून असायची. मी बॉनेटवरचा हार काढला आणि नाईकच्या गळ्यात घातला. म्हटलं, "उतर." त्याला आधी वाटलं सत्कारच आहे. "काका, अहो..." "उतर म्हणतो ना. तिथे मी बसतो." मुलगी पुढे आली, "बाबा, सगळ्यांसमोर काय हे?" मी तिला म्हणालो, "तुझ्या आईची गाडी आहे, तुळशीवृंदावन नाही." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मैदानात एकही इंजिन चालू नव्हतं. ट्रक, जीप, मोटारसायकली, सगळ्या बंद. ह्या येडपटांनी रीत मोडलेली नव्हती. सगळ्यांत जुनी गाडी उठल्याशिवाय कुणी किल्ली फिरवणार नव्हतं, मग ती गाडी टोचन लावून आणलेली का असेना.

मी करंदीकरला हाक मारली. "डॉक्टर, बस डावीकडे." त्याने आधी दोन्ही हात पँटीला पुसले, मग पुन्हा पुसले. हेच हात लोकांच्या तोंडात घालतो हा, देव राखो त्या पेशंटांना. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली, टाइल्सवाल्याने पुढून हँडल मारलं. एकदा नाही, दोनदा नाही... घाम गळायला लागला त्याचा. मग खोकली, धूर ओकली आणि उठली. त्यानंतर मैदानातल्या सगळ्या गाड्या एकामागून एक चालू झाल्या. तो आवाज मी आधी खूपदा ऐकलेला. कधी लक्ष दिलं नव्हतं.

गेटातून रस्त्याला लागलो. पुढे रेतीचा डंपर. करंदीकर माझ्या मांडीवर ओणवा होऊन पलीकडे बघायला लागला. मी त्याला ढकलला. "मान सरळ ठेव. बघायचं काम माझं आहे." त्याने मान सरळ केली. मी बघितलं, आणि सांगितलं.

तर आता गाडी करंदीकरच्या शेडमध्ये असते. एका अटीवर दिली, महिन्यातून दोनदा चालली पाहिजे, आणि ग्रिलच्या रंगाला हात लावायचा नाही. त्याला रोज पॉलिश पेपर मारायची इच्छा होते, ते त्याच्या तोंडावर दिसतं. अजून सलाम ठोकतो, अजून तिरपी टोपी घालतो, आणि मला अजून ही सगळी माणसं येडपट वाटतात. त्यात बदल नाही. रविवारी तो मला घ्यायला येतो आणि मी जातो.

ह्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पंपावर गेलं की ड्रायव्हरने उतरायचं, गादी उचलायची, मग पेट्रोल भरायचं. उजवीकडच्याला हलायची काही गरज नाही. मी मात्र पहिल्यापासून उतरायचो. ती उन्हात उभी आणि मी आत बसलेला, हे बरं दिसायचं नाही. मग ती तिकडे आणि मी इकडे, मध्ये गाडी, पेट्रोल भरून होईपर्यंत उभे राहायचो आम्ही. परवा पंपावर करंदीकर उतरला आणि मीही उतरलो.

"काका, तुम्ही कशाला उतरलात? बसा ना आत."

मी म्हणालो, "तू तुझं पेट्रोल भर."