कोंबडीच्या पायाची खूण

गल्लीत छिन्नी चालली की दगडाचा जळका वास येतो आणि मला तो पूल आठवतो. माझा पणजा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात खानदेशातून सुरतेला येणाऱ्या रेल्वेच्या पुलाचे दगड घडवायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून आपल्या दगडावर कोंबडीच्या पायाची खूण कोरायचा, असं बाप सांगे. त्याचा फोटो नाही, कागद नाही. म्हणून एका रविवारी बायकोला घेऊन सुरतेजवळच्या आमच्या उधन्याहून निघालो आणि त्या पुलाखालच्या कोरड्या नाल्यात उतरलो. खूण सापडली! मी दगडाला कपाळ लावलं, तसा तिथला म्हशीवाला म्हातारा हसला. "भाई, आ तो आखी टोळीनी निशानी. उपर जुओ, बधे छे." खरंच, अख्ख्या टोळीची असावी तशी वर जिथे बघावं तिथे तीच खूण, तोच पाय. मी म्हटलं, आमचा पणजा दुसऱ्याची खूण कोरणारा नव्हता. बायको अहिराणीत म्हणाली, "आते काय आख्खा पूलना पाया पडशात?" मी हटलो नाही. एखादा तरी त्याचा असेल म्हणून हात पोचला तेवढ्या सगळ्या दगडांवर हात फिरवला. वरचे राहिले. आता गुडघे नाल्यात उतरू देत नाहीत, आणि त्याचा दगड वरच्यांतच असेल, असं वाटत राहतं.