खाली ठेवलेलं गुल्लक

माझ्या मैत्रिणीला आजही वाटतं की तिला मराठी येतं. ब्राह्मणपारा या छत्तीसगढमधल्या मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती छत्तीसगढी, आम्ही मूळ नागपूरकडचे. लहानपणी ती दिवसभर आमच्याच घरी पडीक असायची, त्यामुळे ऐकून ऐकून मराठी शिकली. म्हणजे तिच्या मते शिकली.

पाऱ्यातले मोठे पोट्टे आम्हा दोघींना क्रिकेटमध्ये घ्यायचे ते फक्त नालीत गेलेला बॉल काढायला. बॅटिंग मागितली की म्हणायचे, "अपना बैट लाओ." म्हणून आम्ही बॅटसाठी एका प्लास्टिकच्या गुल्लकात पैसे जमवू लागलो. खरं सांगायचं तर जमवायची तीच. रद्दीचे, मामाने दिलेले, सगळे टाकायची. मी चिंचेच्या गोळ्या खाऊन काही उरलं तर टाकायचे. बॅट मात्र दोघींची, याबद्दल माझं मत पक्कं होतं.

बॅटपुरते पैसे होत आले होते. एक दिवस मी ट्यूशनला गेलेली, ती मात्र आमच्याच घरी. आई पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती आणि गुल्लक मधेच येत होतं. आई तिला म्हणाली, "बेटा, हे गुल्लक खाली ठेव बरं."

"हव चाची," ती म्हणाली.

आता आमच्या मराठीत खाली म्हणजे जमिनीवर. तिच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. चाचीने गुल्लक रिकामं ठेवायला सांगितलं, तर काहून ते विचारायचं नाही. एवढी गुणाची पोरगी! तिने सगळे पैसे कोपऱ्यावरच्या गुपचुपवाल्या भैयाला ॲडव्हान्स देऊन टाकले. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी. आणि रिकामं गुल्लक परत आणून पलंगावर, होतं तिथेच ठेवलं.

मी आल्यावर जो काही तमाशा केला, तो अख्ख्या गल्लीने ऐकला. "चाची बोली थी," एवढंच ती म्हणत राहिली. आईला हसू आवरेना, त्याचा मला जास्त राग आला. मी जन्मभराची कट्टी घेतली.

भैया काही पैसे परत देईना. ते म्हणे आलू-चण्यात गेले. "खाओ बेटा, जितना खाना है," म्हणाला. मग कट्टी तशीच ठेवून मी तिच्या शेजारी उभी राहून गुपचुप खाल्ले. पण दोघीजणी खाऊन खाऊन किती खाणार? शेवटी मोठ्या पोट्ट्यांना बोलावलं. ते तुटून पडले. खाल्ल्या मिठाला जागून त्यांच्यातला सगळ्यात मोठा म्हणाला, "चलो, कल तुममें से एक को बैटिंग."

एकीलाच. पैसे तिचे, म्हणजे पाळीही तिचीच, हे मलाही कळत होतं. रात्रभर मी मनातल्या मनात भांडत होते.

दुसऱ्या दिवशी मैदानात पोचले, तर ती आधीच नालीपाशी जाऊन उभी.

"तू खेल ना," ती तिथूनच म्हणाली. "बॉल मैं ले आऊँगी."

मला इतकं भरून आलं की पहिला बॉल दिसलाच नाही. बोल्ड झाले.